नुसते ओठ हलवा

समूहगीत स्पर्धेचा निकाल लागला की परीक्षक माइक धरून सांगतात, ‘या मुलांवर घरचे संस्कार आहेत.’ मी हे पहिल्यांदा ऐकलं सातवीत. आमची शाळा शेवटून पहिली. म्हणजे आमच्या घरी संस्कार नव्हते. बरं.

आता हिशेब मांडू. जिंकलेल्या पोरांच्या घरी पेटी, तबला, महिन्याला फी घेणारे गुरुजी. आमच्या शाळेत एकच पेटी, तिचा भाता फाटलेला, तीही कपाटात कुलपात. तालीम शाळा सुटल्यावर. तेव्हा आई कामावर, धाकटी बहीण माझ्या कडेवर. मोजून तीन दिवस गेलो तालमीला. वर पांढरे बूट सक्तीचे. ज्यांना बूट नव्हते त्यांना मागच्या रांगेत उभं केलं, अन् सांगितलं, ‘नुसते ओठ हलवा.’

ही गाण्याची स्पर्धा? ही बापांच्या पगाराची स्पर्धा. सूर आपला निमित्ताला.

दुसरी थाप याहून गोड. ‘तुमच्या तर रक्तातच संगीत!’ माझा बाप हलगी वाजवायचा. मिरवणुकीत हलगी सगळ्यांच्या पुढं, पंगतीत बाप सगळ्यांच्या मागं. रक्तातनं काही आलं नाही त्याला. बोटं फुटेस्तोवर वाजवून शिकला तो. पण रक्तात आहे म्हटलं की शिक्षक द्यायला नको, वाद्य द्यायला नको. अन् हलगी शाळेत नेली तर म्हणणार, हे वाद्य नव्हे.

कुणी म्हणेल, अण्णा भाऊ साठे कुठं शिकले शाळेत? खरंय. तरी १९४४ साली अमर शेख अन् गव्हाणकरांसंगं त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, मैदानं भरवली. पण एक अण्णा भाऊ दाखवून हजार पोरांचे बंद ओठ झाकता येत नाहीत.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, सहावी ते आठवीत शंभरावर पोरं असतील तर कलाशिक्षणाला अर्धवेळ निदेशक. अन् नव्वद असतील तर? वस्तीवरच्या शाळेनं शंभर पोरं आणायची कुठनं? आमचे गळे कायद्याच्या मोजणीतही बसत नाहीत.

म्हणून मागतो. तालीम शाळेच्या तासात घ्या. वाद्यं शाळेची, बूटही शाळेचे. पेटीशेजारी हलगीला जागा द्या. मग लावा निकाल. मग हरलो तर मान्य.

तोवर त्या पहिल्या नंबराला संस्कार म्हणू नका. फीची पावती म्हणा.