धोरण उंबरठ्यावर येते तेव्हा

दहावीच्या वर्गात लोकशाहीचा पाठ चालू असताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, लोक जाहीरनामे वाचून मत देतात का?” इतिहासाचा शिक्षक म्हणून मी तिला १९७७ च्या लोकसभा निवडणुकीची हकिगत सांगितली.

आणीबाणी साऱ्या देशावर लादली गेली होती. निकाल मात्र सर्वत्र सारखा लागला नाही. उत्तर प्रदेशातील ८५ आणि बिहारमधील ५४ जागांपैकी एकही काँग्रेसला मिळाली नाही. आंध्र प्रदेशाने मात्र ४२ पैकी ४१ जागा तिच्या पदरात टाकल्या. या फरकाची कारणे अनेक आहेत. परंतु सक्तीच्या नसबंदीची झळ उत्तरेतील गावांना अधिक बसली होती, हे त्यांतले मोठे कारण होय. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. ज्यांनी कधी जाहीरनामा हाती धरला नव्हता, त्यांनी सरकारचे धोरण स्वतःच्या देहावर वाचले होते.

म्हणजे मतदार अडाणी नसतो. उंबरठा ओलांडून घरात शिरलेल्या धोरणाचा हिशोब तो चोख ठेवतो. प्रश्न आहे तो सावकाश पोखरणाऱ्या धोरणांचा. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. तिच्या आधाराने आपल्या पिढ्या शिकल्या. केंद्राने ६० टक्के व राज्याने ४० टक्के भार उचलावा, हे सूत्र डिसेंबर २०२० मध्ये ठरले. पण गेल्या लोकसभा निवडणुकीतील किती सभांत आपण शिष्यवृत्तीचे नाव ऐकले? ती रखडली की एखादी मुलगी महाविद्यालय सोडून मुकाट्याने घरी परतते. अशा एकटीच्या परतण्याची लाट होत नाही, म्हणून ते मतपेटीपर्यंत पोहोचत नाही.

राजकीय समता मिळाली तरी सामाजिक व आर्थिक विषमता उरेल, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. ती विषमता मतदानाचा प्रश्न बनवणे, हे शिकलेल्यांचे कर्तव्य आहे. माजी विद्यार्थ्यांनो, मत मागायला दारी आलेल्या उमेदवाराला जात, नातेगोते आणि उपकार बाजूला ठेवून विचारा : शिष्यवृत्ती कोणत्या महिन्यात मिळेल? वसतिगृहात किती जागा वाढतील? उत्तर वहीत लिहून ठेवा आणि पाच वर्षांनी तीच वही त्याच्यापुढे उघडा.

त्या विद्यार्थिनीलाही मी हेच सांगितले. तिने वहीचे शेवटचे पान त्यासाठी कोरे ठेवले आहे.