'दोन तासांत मार्बलिंग शिका' म्हणे!

माझं स्पष्ट मत आहे, 'दोन तासांत मार्बलिंग' या जाहिरातीत खोट शिकवण्यात नसून लपवण्यात आहे.

तर झालं असं, की पुण्यात एका रविवारी अशाच एका वर्कशॉपला गेलो. ट्रेमध्ये घट्टसर पाणी तयार. त्यावर अ‍ॅक्रिलिक रंगाचे थेंब सोडायचे, काडीनं ओढायचे, वर रुमाल अंथरून उचलायचा. झाली नक्षी! पुढचा आठवडा ऑफिसात नुसता मिरवत होतो.

गणपतीत धुळ्याला घरी गेलो. आग्रा रोडवरून मांजरपाट आणला, म्हटलं बहिणीला ओढणी करून देऊ. पहिला थेंब टाकला, गेला तळाला. दुसरा, तोही तळाला. आजी बघत होती. "हाई काय शे?" मी म्हटलं, "कला." आजी उठून आत गेली.

मग शोधायला बसलो तेव्हा कळलं, खरी कला आदल्या रात्रीच होते. पाणी घट्ट करतात ते कॅराजीननने, म्हणजे समुद्री शेवाळापासून काढलेल्या भुकटीने. ती घोटून रात्रभर ठेवायची, म्हणजे बुडबुडे जिरतात. पाण्यात क्षार जास्त असले की सगळं बिनसतं, आणि मी वापरलं होतं आमच्या बोअरचं पाणी! नव्या कापडाची खळ आधी धुऊन काढायची. मग कापड तुरटीच्या पाण्यात भिजवून वाळवायचं, कारण रंग धाग्याला धरून ठेवते ती तुरटी. हो, तीच, पावसाळ्यात आई गढूळ पाण्यात फिरवते ती. वर्कशॉपमध्ये हे सगळं कोणीतरी आधीच करून ठेवलेलं होतं. आमच्या धंद्यात याला 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणतात.

तुरटीनेही हिसका दाखवलाच. अंदाजपंचे घट्ट द्रावणात बुडवलेलं कापड तसंच कपाटात ठेवून मी पुण्याला पळालो. दिवाळीला काढून कडक इस्त्री मारली, तर घडीवर टर्रकन फाटलं! तुरटी आम्लधर्मी असते, सुती धागा खाते. आधी गूगल केलं असतं तर... असो.

बरं, ही काही परदेशी फॅशन नाही. तुर्कस्तानच्या 'एब्रू'ला २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. पण आपल्या दख्खनमध्ये, आदिलशाही विजापुरात, सतराव्या शतकात कागदावर हेच चालायचं. बाकीचा कागद झाकून फक्त मरतुकड्या घोड्याच्या अंगावर अब्री उमटवलेली चित्रं आहेत. ती पाहून माझा रुमाल गुपचूप खणात गेला.

म्हणून म्हणतो, फी दुप्पट घ्या, पण शनिवारी रात्री आम्हाला ती भुकटी घोटायला बसवा. एक तरी थेंब आमच्या हातून बुडू द्या.

शेवटी दिवाळीतच जारचं पाणी विकत आणलं, पातळ तुरटी, नवं कापड, आणि यावेळी घाई नाही. ओढणी झाली. एका कोपऱ्यात हवा अडकून पांढरा डाग राहिलाय. बहीण तो कोपरा आत खोचून ओढणी घेते. आजी मात्र अजून विचारते, तुरटीचा खडा कुठे ठेवलास?