नाताळचा फराळ आणि आईचा वाटा

हळदीकुंकू, वटपौर्णिमा, हरितालिका या सणाव्रतांची चिकित्सा आपण वर्षानुवर्षे करीत आलो आहोत. कोणाला बोलावले जाते, कोणाला वगळले जाते, उपास कोणी कोणासाठी करायचा, हे प्रश्न आपण शिबिरांत विचारले, पथनाट्यांतून मांडले. नाताळ आला की मात्र आपल्या गटांचा सूर बदलतो. एक शुभेच्छापत्र, केकचा एक तुकडा आणि "तुमच्यात बरं असतं बाई, सोवळंओवळं नाही, उपासतापास नाही" असे कौतुक! अल्पसंख्याकांच्या सणाबद्दल काही बोललो तर धर्मांधांच्या हाती कोलीत मिळेल, ही भीती त्यामागे असते. ती भीती खोटी नाही. म्हणूनच ही चिकित्सा आमच्यापैकीच कोणीतरी करायला हवी. मी मराठी ख्रिस्ती आहे. माझे माहेर नगरकडचे आणि लग्नानंतरची सगळी वर्षे गोंदियातली.

गोंदिया जिल्ह्यात ख्रिस्ती माणसे मूठभर. पण गोंदिया हे रेल्वेचे जंक्शन आहे. मुंबई-हावडा मार्ग इथून जातो. जबलपूरकडे आणि नागभीड-बल्लारशाकडे फाटे फुटतात. रेल्वेच्या, दवाखान्याच्या, शाळेच्या नोकऱ्यांमागे निरनिराळ्या मुलखांतली कुटुंबे इथे आली आणि येताना आपापला नाताळ घेऊन आली.

आमच्या घरी करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे, म्हणजे दिवाळीचाच फराळ, आणि पेटी-ढोलकीवर मराठी भजने. ओळखीच्या एक नर्सबाई केरळच्या, सिरियन ख्रिस्ती. त्यांच्याकडे १ डिसेंबरपासून मांसमच्छी वर्ज्य. दाराशी कागदी तारा लावलेला असतो आणि नाताळच्या सकाळी तांदळाच्या आंबवलेल्या पिठाचे अप्पम आणि मटणाचा रस्सा करून पंचवीस दिवसांचे व्रत सोडतात. तेव्हा 'तुमच्यात उपास नाही' हे काही खरे नाही! जशपूरकडून आलेल्या उरांव कुटुंबात तांदळाच्या पिठाचे आणि गुळाचे अरसे तळतात आणि मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर मांदरच्या तालावर फेर धरतात. गोव्याच्या कुटुंबात नेवऱ्या, कलकल, दोदोल, बेबिंका. दोदोल तासन्‌तास ढवळावे लागते. बेबिंकाचा एक थर भाजून झाल्याशिवाय दुसरा ओतता येत नाही. मग ताटे भरून शेजारीपाजारी जातात. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल तिथे गोडाचे काही करीत नाहीत, पण शेजारचे ताट त्या घरी जरूर जाते. ही चाल मला फार मोलाची वाटते. नवरा गेलेल्या बाईला सणातून उठवून लावणाऱ्या कितीतरी चाली आपण पाहिल्या आहेत. ही चाल तिच्या दारापर्यंत सण नेते.

चार घरांचे चार नाताळ. पण चारही घरांत पीठ भिजवणारे, तळणारे, भांडी घासणारे हात कोणाचे? तारा टांगणे, दिव्यांची माळ सोडणे, गव्हाणीचा देखावा उभारणे ही पुरुषांची कामे. ती एका संध्याकाळी उरकतात आणि त्यांचे कौतुक आठवडाभर चालते. बायकांची कामे पंधरा-पंधरा दिवस चालतात आणि त्यांना काम असे कोणी म्हणतच नाही. आमच्या नर्सबाई नाताळच्या आदल्या रात्रीसुद्धा रात्रपाळी करतात. सकाळी घरी येऊन अप्पम त्यांनाच घालायचे असतात, कारण "आमच्यात असंच असतं."

हे "आमच्यात असंच असतं" प्रत्येक घरात ऐकू येते. ते तपासून पाहिले पाहिजे. माझ्या माहेरी केक हा प्रकारच नव्हता. आता बेकरीतून आणतात. अप्पमचे पीठ पूर्वी ताडी घालून आंबवीत. इथे आता यीस्ट घालतात. उखळात कुटायचे तांदूळ गिरणीवर जातात. यातल्या एकाही बदलावर कुटुंबातल्या किंवा चर्चमधल्या वडीलधाऱ्यांनी परंपरा बुडाल्याची ओरड केली नाही. म्हणजे परंपरा बदलते. ती ताटात सहज बदलते. बाईने कामाची किंवा मिळकतीची वाटणी मागितली की मात्र ती दगडासारखी घट्ट होते.

खरे तर परंपरा कशी स्वीकारावी आणि कशी सोडावी, याचा धडा आमच्याच इतिहासात आहे, आणि तो याच रेल्वेमार्गाशी जोडलेला आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला जात असताना गाडीतल्या एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून लक्ष्मीबाईंनी तो लगोलग बदलला नाही. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांचे सोवळेओवळे एका दिवसात सुटले नाही. त्यांनी ते स्वतःच्या विचाराने सोडले आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. हा सगळा प्रवास 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन'ही पुढे त्यांनीच पुरे केले. आमच्या घरांत लक्ष्मीबाईंचे नाव अभिमानाने घेतात. पण सुनेला तेवढा वेळ आणि तेवढा विचार करायची मुभा आज कोण देते? केरळची मुलगी मराठी घरात आली की तिचे पंचवीस दिवसांचे व्रत हसण्यावारी जाते. मराठी मुलगी दुसऱ्या मुलखातल्या घरात गेली की तिच्या करंज्या 'तुमच्याकडचे काहीतरी' ठरतात. दोन घरांचा मिळून एक नाताळ होऊ शकतो, हे कोणाच्या मनातही येत नाही.

आता ताटाकडून कागदाकडे वळू. १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार तेवढा सिद्ध करावा लागे. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्यागही सिद्ध करावा लागे. शिवाय जिल्हा न्यायालयाने दिलेला घटस्फोट उच्च न्यायालयाने कायम करेपर्यंत पक्का होत नसे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने या भेदभावावर बोट ठेवले आणि २००१ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटना आणि कित्येक चर्चही हा बदल आधीपासून मागत होते. तरी १३२ वर्षे लागली!

वारशाचेही तेच. त्रावणकोरच्या जुन्या ख्रिस्ती वारसा कायद्यात मुलीला मुलाच्या वाट्याच्या चौथा हिस्सा किंवा ५,००० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळे. मेरी रॉय सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ साली भारतीय वारसा कायदा त्या मुलखालाही लागू असल्याचा निकाल मिळाला. १९२५ च्या या कायद्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा समान आहे. पण त्याच कायद्यात एक गोष्ट अजून तशीच आहे. मूलबाळ नसलेला मुलगा किंवा मुलगी मृत्युपत्र न करता वारली आणि वडील हयात असले, तर जोडीदाराचा वाटा वजा जाता सगळी मिळकत वडिलांना जाते. आईला काहीही मिळत नाही. वडील नसतील तरच आई भावंडांबरोबर वाटेकरी होते. विधी आयोगाने २०१४ साली आपल्या २४७ व्या अहवालात ही कलमे बदलण्याची शिफारस केली. त्यानंतर कितीतरी नाताळ येऊन गेले.

समान नागरी कायद्याच्या घोषणा देणाऱ्यांच्या तोंडी या आईचे नाव येत नाही आणि समाजाच्या अस्मितेबद्दल बोलणाऱ्यांच्याही येत नाही. म्हणून ते आपण घ्यायला हवे. दुसऱ्या समाजाला धडा शिकवण्यासाठी नव्हे. वटपौर्णिमेबद्दल ज्या आपुलकीने आणि ज्या रागाने आपण बोलतो, त्याच आपुलकीने आणि त्याच रागाने.

मैत्रिणींनो, येत्या डिसेंबरात आपापल्या गावातल्या ख्रिस्ती बायकांना सभेला बोलवा. शुभेच्छा देऊन मोकळ्या होऊ नका. त्यांच्या घरी कोणता नाताळ होतो, त्यातले काय त्यांना ठेवावेसे वाटते आणि काय टाकावेसे वाटते, ते त्यांनाच विचारा. वारसा कायद्यातली कलमे सोप्या मराठीत लिहून वाटा. मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमोर कसे करायचे, ते समजावून सांगा. कायदा बदलेपर्यंत आईचा वाटा राखायचा तोच मार्ग आहे. विधी आयोगाच्या शिफारशीसाठी सह्या गोळा करून खासदारांना पाठवा. चर्चच्या समित्यांतही हा विषय ठेवायला लावा. आणि घरातल्या पुरुषांना दोदोल ढवळायला बसवा. तासभर ढवळल्यावर "आमच्यात असंच असतं" हे वाक्य त्यांच्या तोंडून किती वेळा निघते, ते आम्हाला जरूर कळवा.