पुणतांब्याचा जॅझ

गोदावरीच्या काठावरील पुणतांबे हे गाव महाराष्ट्राला चांगदेवांच्या समाधीमुळे ठाऊक आहे, दौंड-मनमाड लोहमार्गावरून शिर्डीचा फाटा जेथून फुटतो ते स्थानक म्हणून ठाऊक आहे, आणि २०१७ च्या जूनमधील शेतकरी संपाचे उगमस्थान म्हणूनही आता ठाऊक झाले आहे. परंतु जॅझचा ठेका ज्याने हिंदी चित्रपटगीतात रुजविला आणि लहानथोरांच्या ओठांवर आणून बसविला, तो रामचंद्र नरहर चितळकर १२ जानेवारी १९१८ रोजी याच गावी जन्मला, ही गोष्ट आपल्या नगर जिल्ह्यातील सुशिक्षितांच्याही स्मरणात क्वचितच असते. सी. रामचंद्र हे नाव उच्चारताच १९६३ च्या जानेवारीत लताबाईंनी दिल्लीत गायिलेले, हुतात्मा जवानांचे ते गीत आपल्याला आठवते आणि आपली कृतज्ञता तेथेच थांबते. ती तेथे थांबू नये, असे मला मनापासून वाटते.

हा विचार बळावण्यास एक तबकडी कारण झाली. आमच्या नगरच्या घरी माझ्या लहानपणी रामचंद्रांचे संगीत असलेल्या ‘अलबेला’ चित्रपटाची एल.पी. होती, आणि थोरल्या काकांखेरीज कोणीही तिला हात लावू नये असा घरचा दंडक होता. पुढे वाटण्या झाल्या, तबकडी वाजविण्याचे यंत्र नादुरुस्त होऊन माळ्यावर गेले, आणि खातेउतारे, वारसनोंदी, जुन्या खटल्यांची दप्तरे यांच्या गठ्ठ्याखाली ती तबकडी कित्येक वर्षे पडून राहिली. अलीकडे माळा आवरताना ती हाती आली, तेव्हा एका स्नेह्याच्या घरी जाऊन दोन्ही बाजू सलग ऐकल्या. खरखर होती, तरीही ट्रम्पेटचा पहिला फुत्कार कानी पडताच अंगावर रोमांच उभे राहिले.

ही गाणी आज भ्रमणध्वनीवरही मिळतात, हे मी जाणतो, आणि तबकडीचा आवाज श्रेष्ठ की त्याचा, या वादात मला शिरावयाचे नाही. माझा मुद्दा निराळा आहे. १९५१ साली ही गीते मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्यांवर, बाजूस एक या हिशेबाने, सुटी सुटी निघाली, एल.पी.ने ती एकत्र आणली, आणि त्यामुळे ज्यांची आपण एरवी वेगवेगळ्या खात्यांत नोंद केली असती ती गाणी शेजारी शेजारी आली. ‘शोला जो भडके’ या गीतात बोंगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांची झुंबड उडते, तर त्याच तबकडीवर एक अंगाई आहे, जिच्यात स्वर इतके हलके पडतात की ऐकणाऱ्याने श्वासही जपून घ्यावा. लहानपणी मला या दोहोंमध्ये कोठे सरहद्द आहे असे वाटलेच नाही. ती सरहद्द पुढे मोठ्या माणसांनी शिकविली.

कारण या संगीताला पाश्चात्त्यांची उसनवारी म्हणून हिणविण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. १९५२ नंतर आकाशवाणीनेच चित्रपटगीतांना बव्हंशी दाराबाहेर ठेवले होते आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले होते. पण ज्याने पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांपाशी शिक्षण घेतले, पुढे संगीतकार होण्यापूर्वी स्टुडिओत हार्मोनियमची साथ केली, आणि ज्याने ‘अलबेला’नंतर दोनच वर्षांनी ‘अनारकली’ दिला, तो स्वतःजवळ काही नव्हते म्हणून दुसऱ्याच्या दारी गेला, असे कोण म्हणेल? काही चाली त्याने सरळ परदेशातून घेतल्या, हे खरे आहे आणि ते लपविण्याचेही कारण नाही. परंतु ‘अलबेला’च्या दोन्ही बाजू सलग ऐकणाऱ्याला उसने किती आणि स्वार्जित किती याचा निवाडा स्वतःच करता येतो.

मात्र या यशाचे श्रेय एकट्या रामचंद्रांच्या पदरी घालणे न्यायाचे होणार नाही. गोमंतकातील चर्चसंलग्न संगीतशाळांत पाश्चात्त्य स्वरलेखन शिकून मुंबईस आलेले वादक हॉटेलांतून जॅझ वाजवीत आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणास येत. संगीतकाराची चाल कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा लिहून देण्याचे कसब त्यांच्यापाशी होते. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, हे रामचंद्रांचे साहाय्यक होते आणि ‘अलबेला’त आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. असे असूनही माझ्याजवळच्या तबकडीच्या वेष्टनावर गायक, गीतकार आणि संगीतकार यांचीच नावे आहेत. वादकांचे नाव छापण्याची त्या काळी वहिवाटच नव्हती. ज्या फुत्काराने मी या वयात शहारलो, त्याच्या कर्त्यांची ओळख मला इतरत्र शोधावी लागली, याची खंत वाटते.

आणि हे संगीत नगरच्या मातीला परके होते, असे कोणी समजू नये. १९६९ साली अरणगावनजीक मेहेराबाद येथे आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांचा देह दर्शनासाठी ठेविला होता, तेव्हा त्यांच्याच इच्छेनुसार कोल पोर्टर या अमेरिकन संगीतकाराचे ‘बिगिन द बिगीन’ हे, स्विंग वाद्यवृंदांनी जगभर नेलेले गीत तेथे तबकडीवर वाजविले गेले.

हा ठेवा माळ्यांवर विरून जाऊ नये, म्हणून एक तजवीज सुचवितो. नगरच्या जिल्हा वाचनालयात अथवा ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात एक लहानसा श्रवणकक्ष असावा, श्रीरामपूर, कोपरगाव, संगमनेर येथील घराघरांच्या माळ्यांवर पडलेल्या तबकड्या तेथे देणगी म्हणून स्वीकाराव्यात, त्या स्वच्छ करून त्यांचे अंकीय मुद्रण करावे, आणि नोंदवहीत गायकाच्या नावाशेजारी, जेथे खात्रीलायक माहिती मिळेल तेथे, वादकाचेही नाव लिहावे. कायद्याची अडचण वाटते तितकी मोठी नाही. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो, तेव्हा १९५१ ची मुद्रणे २०१२ पासूनच मोकळी झाली आहेत. चाल आणि शब्द यांवरील हक्क मात्र कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो, आणि रामचंद्र १९८२ साली निवर्तले, तेव्हा त्यापुरती परवानगी रीतसर मागावी लागेल. ती मागण्याचे काम जिल्ह्यातील एखाद्या संस्थेने अंगावर घ्यावे. माझी तबकडी मी देण्यास तयार आहे.