भिंतीची जाडी

बुलढाणा जिल्ह्यात घरांची सरकारी पाहणी होते तेव्हा भिंत कशाची आणि छत कशाचे, हे विचारतात. भिंत किती जाड आहे, हे विचारत नाहीत. त्याला रकानाच नाही.

2011 च्या जनगणनेची वर्गवारी पाहा. भिंती पत्र्याच्या आणि छतही पत्र्याचे, तर घर कायमस्वरूपी. भिंती कच्च्या विटांच्या आणि वर मातीचे धाबे, तर घर तात्पुरते. नांदुरा-मलकापूरकडे वैशाखातली दुपार पत्र्याखाली काढलेल्या कुणालाही ही वर्गवारी पटणार नाही. दीड-दोन हात जाडीच्या मातीच्या भिंतीतून दुपारची धग आत पोचेपर्यंत रात्र होते. तोवर बाहेरची हवा निवलेली असते.

धाब्याचेही तेच. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव हा खारपाणपट्टा. इथल्या जमिनीत सोडियम जास्त, त्यामुळे पाणी मुरत नाही. शेतकऱ्याचे त्यात नुकसानच. पण नेमका हाच गुण छपराला हवा असतो. तुळयांवर किलचन, त्यावर काड्या-पाला आणि वर खाऱ्या मातीचा थर. पहिल्या सरींनी माती फुगते, भेगा मिटतात, पाणी पन्हळीतून निघून जाते. मृगाआधी धाब्यावर नवी माती पडायची ती याच हिशेबाने. हे शहाणपण पिढ्यांचे आहे आणि ते कुठल्याही पाहणीत नोंदले जात नाही.

दरवर्षी डागडुजी लागते, म्हणून घर तात्पुरते, हा तर्क टिकत नाही. मालीतल्या जेन्नेची आजची मातीची मशीद 1907 सालची आहे. सारे गाव दरवर्षी ती लिंपते. येमेनमधल्या शिबामला कच्च्या विटांच्या उंच हवेल्या सोळाव्या शतकापासून उभ्या आहेत. दोन्ही शहरे जागतिक वारसा यादीत आहेत. आपल्या रकान्यात ती घरे तात्पुरती ठरतील.

1993 च्या किल्लारी भूकंपाने माती बदनाम झाली. तिथे माणसे गाडली गेली ती मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडी भिंतींखाली आणि जड माळवदांखाली. धोका खरा आहे. पण त्याच वर्षी मातीची घरे भूकंपात तग धरावीत म्हणून आयएस 13827 हे मानकही निघाले. उपाय लिहिलेला आहे. तो गावातल्या गवंड्यापर्यंत कुणी नेला नाही.

मातीचे घर सोडू पाहणाऱ्याला दोष देता येणार नाही. वाळवी लागते. झड लागली की धाबे गळते. सारवणाचे कष्ट बाईच्या वाट्याला येतात. घरकुल हा तिचा हक्कच आहे. आक्षेप आहे तो दुसरी वाट बंद केल्याचा. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाटीवरच्या गावांत घरामागे 1 लाख 20 हजार रुपये मिळत आले ते नव्या घरासाठी. धडधाकट भिंत राखून घर सुधारायला काही नाही. आधीच्या इंदिरा आवास योजनेत कच्च्या घराच्या सुधारणेची तरतूद होती. ती परत आणावी. जोत्याला दगड, कोपऱ्यांना बांध, वाळवीचा बंदोबस्त, धाब्याखाली नव्या तुळया. एवढ्याला पैसे मिळाले तरी अनेक घरे आणखी एक पिढी राहती राहतील.