कोयनेचे विवर आणि आमचे विद्यार्थी

सन १९६७ च्या ११ डिसेंबर रोजी, पहाटेच्या गाढ निद्रेत असलेल्या कोयनानगरास ६.३ तीव्रतेच्या ज्या भूकंपाने हादरविले आणि सुमारे २०० माणसांचे प्राण घेतले, त्याने दख्खनचे पठार अचल आहे ही शास्त्रज्ञांची जुनी समजूतही मोडीत काढली. कोयना धरणाच्या जलाशयाचा भार आणि खडकांच्या भेगांत झिरपणाऱ्या पाण्याचा दाब, यांनी आधीच ताणलेल्या भूस्तराचा तोल ढळतो काय, हा प्रश्न एकट्या कोयनेचा नव्हता. चीनमधील सिनफेंगज्यांग, झांबिया-झिंबाब्वेच्या सरहद्दीवरील करिबा आणि ग्रीसमधील क्रेमास्ता या धरणांपाशीही १९६२ ते १९६६ या काळात तोच उभा राहिला होता.

कोयनेचे वैशिष्ट्य असे, की तेथील धक्के इतकी वर्षे लोटली तरी थांबलेले नाहीत, आणि ते सुमारे ३० किलोमीटर लांब व २० किलोमीटर रुंद अशा मर्यादित टापूतच होतात. म्हणूनच २०११ साली आंतरराष्ट्रीय खंडीय वेधन कार्यक्रमाच्या विद्यमाने देशोदेशींचे तज्ज्ञ हैदराबाद व कोयना येथे विचारविनिमयासाठी जमले, आणि पुढे गोठणे येथे ३ किलोमीटर खोलीचे प्रायोगिक विवर खणले गेले. सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा काळा पाषाण भेदून, त्याखालच्या प्राचीन ग्रॅनाइटपर्यंत पोहोचलेले ते विवर म्हणजे भूकंपाच्या घरात उघडलेला झरोका होय.

अशा सहकार्याकडे पाहताना दोन अनर्थ टाळले पाहिजेत. स्वाभिमानाच्या नावाखाली आपले दप्तर बंद करून बसणे हा एक. कारण ज्ञानाचा इजारा कोणत्याच मुलखाकडे नाही. आपण केवळ खडकांचे नमुने पुरवावेत आणि त्यांवरील सिद्धांत परक्यांनी मांडावेत, हा दुसरा. सहकार्य हे बरोबरीच्या नात्याचेच असावे, आणि त्या बरोबरीचा पाया शिक्षणात आहे. ज्यांच्या आजा-आजींनी त्या पहाटे अंगणात धाव घेतली, त्या पाटण-कराडच्या मुलांना कराडच्या विवरभूभौतिकी प्रयोगशाळेतील उपकरणे हाताळता आली आणि परदेशी संशोधकाच्या शेजारी बसून भूकंपलेख वाचता आला, तर त्यांतूनच उद्याचे भूवैज्ञानिक निपजतील.

यास्तव शासनास व विद्यापीठांस आमची विनंती आहे, की भूविज्ञानाच्या प्रत्येक आंतरराष्ट्रीय करारनाम्यात दोन कलमे अवश्य असावीत: स्थानिक विद्यार्थ्यांना संशोधनात राखीव स्थान, आणि निष्कर्षांचा सुबोध मराठी वृत्तांत. ज्या भूमीने हे ज्ञान दिले आणि त्याचे मोलही प्राणांनी चुकते केले, त्या भूमीच्या लेकरांचा त्यावर पहिला हक्क आहे.