माळा, माडी आणि बोदवडचा ‘माया’

घराच्या वरच्या जागांना मराठीने दिलेली नावे केवळ उंची सांगत नाहीत. माळ्यावर सामान राहते, माडीवर माणसे राहतात आणि खानदेशातल्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, वाळवणे पडतात व उन्हाळ्यात अंथरुणे.

यांतले काही शब्द पाहुणे आहेत. ‘मजला’ अरबी ‘मंझिल’चा, मुक्कामाला उतरण्याची जागा हा त्याचा जुना अर्थ, आणि ‘मजल दरमजल’मधली मजलही तीच. ‘गच्ची’त फारसी ‘गच’ आहे, म्हणजे गिलावा. ‘माळा’ मात्र आम्हांस दक्षिणेचा वाटतो. कन्नडात ‘माळिगे’ म्हणजे वरचा मजला, सपाट छप्परही. तमिळात ‘माडी’ जवळजवळ जशीच्या तशी आहे. सोलापूर-मराठवाड्यातले ‘माळवद’ याच कुळातले. संस्कृत ‘माले’कडे बोट दाखवण्याचा मोह पंडितांना होईल, पण फुलांच्या माळेचा आणि तुळयांवर टाकलेल्या फळ्यांचा संबंध काय? जोंधळा राखायला चार खांबांवर बांधतात, तोही माळाच.

बोदवडकडे हाच शब्द ‘माया’ होतो. तिथल्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो: केळी ‘केयी’, शाळा ‘शाया’. कानडी मुलखाशी नाते सांगणारा शब्द पूर्णा-तापीच्या खोऱ्यात येऊन असा उच्चार धारण करतो, हा भाषेच्या इतिहासाचा पुरावा आहे. आणि आमची तक्रार अशी, की वर्गात त्याला अशुद्ध ठरवले जाते. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या (१८८०–१९५१) रचना १९५२ साली ‘बहिणाबाईची गाणी’ या नावाने ग्रंथरूपात आल्या. त्यांतला ‘य’ आम्ही शिक्षक कौतुकाने समजावून सांगतो आणि पुढच्याच तासाला मुलाच्या निबंधातला ‘माया’ लाल शाईने खोडतो. कवितेत रसाळ वाटणारी बोली वहीत चूक कशी ठरते?

प्रमाणलेखनात ‘माळा’च हवा, याबद्दल आमचा वाद नाही. पण खोडण्याआधी विचारावे. सिमेंटच्या घरांत माळ्याचा ‘लॉफ्ट’ झाला आहे. ‘धाबे’ म्हटले की मुलांना महामार्गावरचे जेवण आठवते. आजी मात्र अजून कुरडयांचा डबा काढायला नातवाला ‘मायावर’च चढवते. घरातल्या कोणत्या जागेला कोण काय म्हणते, हे बोलीच्या अभ्यासकांनी आणि शिक्षकांनी मुलांकडूनच लिहून घ्यावे. आणि त्या वहीत ‘माया’तला ‘य’ तसाच ठेवावा.